इंजिन नवे आहे, कृपया पुढे जावे

ताई, उद्या सकाळी मी निघतेय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच तू "इंदे, मुद्द्याचं बोल" म्हणायला नकोस. जीप धुऊन झाली, ऑइल बदलून झालं, ऑफिसातून बारा दिवसांची रजा मिळाली. तुझीही रजा मंजूर झाली, पण तू गेल्यानंतर चार दिवसांनी. शाळेचा शिपाई तो कागद घेऊन दारात आला आणि द्यावा की परत न्यावा हे त्याला कळेना. मी म्हटलं, आणा इकडे. गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवलाय.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत जो आला तो चहा प्यायला आणि जाताना तेच बोलून गेला, "आता कशाला जातेस?" एकटी बाई. एवढा लांबचा रस्ता. ती खटारा गाडी. दुःखाचे दिवस आहेत, जरा घरात बस. घरात बसल्यानं दुःख कमी होतं असं कुठं लिहिलंय ते दाखवा, मी बसते, असं मी शेजारच्या काकूंना म्हटलं, तर त्या रागावून गेल्या. जाऊ देत. त्यांचा चहाचा कप अजून इथंच आहे, त्या निमित्तानं येतील परत.

एकट्या मधुकरनं बरोबर जागी बोट ठेवलं. आपला हा चुलत भाऊ एरवी कधी मुद्द्याचं बोलत नाही, पण त्या दिवशी बोलला. म्हणाला, "ते सगळं ठीक आहे इंदू, पण उजवीकडे कोण बघणार?"

 खरंच आहे ते.

आपली जीप म्हणजे आप्पांचं सहावं इंद्रिय. देवळाली कॅम्पात मिलिटरीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलं त्यांनी, आणि डिस्पोजलच्या लिलावात ही जीप निघाली तेव्हा आईशी पंधरा दिवस अबोला धरून ती घरी आणली. स्टेअरिंग डावीकडे. सगळं गाव उजवीकडे बसून गाडी चालवतं आणि आपण डावीकडे, गटाराच्या बाजूला. पुढे ट्रक असला की चालवणाऱ्याला ट्रकचा पाठीमागचा फळा सोडून काही दिसत नाही. समोरून एसटी येतेय का बैल येतोय, ते फक्त उजवीकडे बसलेल्याला कळतं. त्यानं सांगायचं, थांब. त्यानं सांगायचं, जा. उजवीकडे वळायचं असलं तर हातही त्यानंच बाहेर काढायचा.

आप्पांनी आधी तुलाच शिकवायला घेतलं होतं, पण तुझे पाय क्लचला पोचेनात. तू पाच फुटांना दोन बोटं कमी, आणि त्या जीपची सीट पुढे सरकत नाही. मग मला बसवलं आणि तुला उजवीकडे. उजवीकडूनही तुला नीट दिसेना, तेव्हा आईची जुनी गोधडी चार पदरी घडी घालून तू खाली घेतलीस. ती गोधडी काढायची नाही म्हणून मी काल सगळ्यांना बजावलं. धुवायचीही नाही.

तुझ्या शब्दावर मी वीस वर्षं गाडी चालवली, ताई. पुढे डोळ्यांनी काही दिसत नसताना, तू "जा" म्हणालीस की मी जायची. एकदाही वळून विचारलं नाही की नक्की ना. नवऱ्यावर मी एवढा विश्वास चार महिनेही ठेवू शकले नव्हते.

ते आठवलं म्हणून सांगते. मी त्याचं घर सोडून आले तेव्हा सगळ्यांनी मला कारण विचारलं, तू विचारलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणात तोंड खुपसून पडले होते. तू किल्ली माझ्या उशाशी टाकलीस आणि म्हणालीस, "मला शाळेत सोड, उशीर होतोय." शाळा चालत सात मिनिटांवर. मी साडी बदलली, गाडी काढली, तुला सोडलं. दुसऱ्या दिवशीही. वर्षभर तू त्या सात मिनिटांसाठी जीपनं गेलीस आणि सगळ्या शिक्षिका म्हणायच्या, कमलबाईंना फार तोरा आलाय. तू कुणाला काही सांगितलं नाहीस. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आता मानते.

सांचीचं आपण किती वर्षं म्हणत होतो. घराचा पत्ता आग्रा रोड, लहानपणी आप्पा सांगायचे की हा रस्ता कुठंही न वळता सरळ आग्र्याला जातो, आणि आपल्याला वाटायचं कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपुढे लगेच आग्रा. मालेगाव, धुळे, सेंधवा, इंदूर, तिथून बाजूला सांची, मग परत वर आग्रा. नकाशावर तू पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होतीस. इंजिन तेवढं धूर ओकत होतं. म्हणून पावसाळा संपल्यावर सातपूरला युसूफ मिस्त्रींकडे गाडी टाकली आणि त्यांनी इंजिन उघडून बोर केलं, नवे पिस्टन, नव्या रिंगा, सगळं नवं घातलं.

गाडी देताना मिस्त्रींनी काय बजावलं ते तू दोनदा म्हणून घेतलं होतंस, पोरांकडून पाढे म्हणून घेतल्यासारखं. "देखो बाजी, नया बोर है. पाँच सौ किलोमीटर चालीस के ऊपर नहीं. एक साथ लंबा नहीं खींचना. थोडा चलाओ, ठंडा करो, फिर चलाओ. उसके बाद मेरे पास लाओ, तेल बदलूँगा, फिर आगरा जाओ नहीं तो काबुल जाओ."

मी म्हटलं, आग्रा रोडवर ओझरपर्यंत जाऊन परत येत राहू, होतील पाचशे. तू म्हणालीस, "नुसत्या येरझाऱ्या कशाला? नाशिक बघू."

"नाशिक?"

"लोक मद्रासहून येतात बघायला. आपण काय बघितलंय? मी शाळा बघितली, तू ऑफिस."

आणि पुठ्ठ्यावर तुझ्या त्या वळणदार अक्षरात पाटी लिहून तू जीपच्या मागे टांगलीस. इंजिन नवे आहे, कृपया पुढे जावे. नाशकातल्या टांगेवाल्यांनीसुद्धा आपल्याला मागे टाकलं. एका सायकलवाल्यानं बाजूनं जाताना ती पाटी मोठ्यानं वाचली आणि "बरं" म्हणाला.

दर रविवारी आपण पाहुणे झालो. ही तुझी अट. पाण्याची बाटली, पोळीभाजीचा डबा, डोक्याला रुमाल. रामकुंडावर जाऊन तू एका फुलवाल्या बाईंना विचारलंस, "रामकुंड कुठं आहे हो?" त्या बाईंनी तुझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, "अहो कमलबाई, माझा सुरेश तुमच्याकडंच शिकला ना चौथीला? बरं वाटत नाही का तुम्हाला?" मी हसून हसून स्टेअरिंगवर पडले. तू मात्र हटली नाहीस. "आज मी बाहेरगावची आहे," म्हणालीस, आणि त्यांनीही मग मुकाट्यानं हात करून दाखवलं, ते बघा, तुमच्या समोरच आहे.

पांडवलेण्याला आपण दोन रविवार गेलो, तेही तुझ्या हट्टानं. पहिल्यांदा वर चढून गेलो तेव्हा तिथला एक माणूस पाहुण्यांना मूर्ती दाखवत होता, हा धर्मराज, हा भीम. तू मागे उभी राहून सगळं ऐकून घेतलंस. मग पुढे झालीस आणि वर्गात बोलतेस तसं बोललीस. "हे बुद्ध आहेत. इथं भिक्खू राहत होते. पांडवांचा इथं काही संबंध नाही."

तो बिचारा म्हणाला, "बाई, नाव लोकांनी पाडलंय. मी काय करू?"

"निदान दोन्ही सांगा. लोक असं म्हणतात आणि खरं असं आहे."

पुढच्या रविवारी तू परत गेलीस, त्यानं गृहपाठ केलाय का ते बघायला. मी म्हटलं, वेडी आहेस का, गुडघे बघ आपले. पण केला होता त्यानं. तुला बघून जरा गडबडला, आधी खरं सांगितलं आणि मग "पण लोक असं म्हणतात" म्हणाला. तू त्याला म्हणालीस, "क्रम चुकला, पण चालेल." उतरताना तू खूश होतीस. एका खांबावर हात ठेवून तू बराच वेळ उभी होतीस, तेव्हा मी तुला हाक मारली नाही, हे मला आता बरं वाटतं. तुझ्यावर मी केलेल्या मोजक्या उपकारांपैकी तो एक.

मग तो रविवार आला. तो सोडून मला पुढे जाता येत नाही.

आपल्या घरात त्या देवळाचं नाव कुणी घेत नसे. नुसतं "ते दार" म्हणायचं. पंचवटीतलं काळ्या दगडाचं ते देऊळ सगळ्या मुलखाला माहीत आहे, आणि त्याच्या दारासमोर आपले लोक का बसले होते तेही. आप्पा तेव्हा अठरा वर्षांचे. कपाळावर दगड बसला, ती खूण आपण दोघींनी लहानपणी बोट फिरवून बघितलेली. पुढे दार उघडलं तेव्हा आप्पा म्हणाले, आता मला जायचं नाही. मग आपण बौद्ध झालो आणि जायचा प्रश्नच संपला. जीप त्या गल्लीवरून जायची तेव्हा आप्पा मान दुसरीकडे फिरवायचे. मीही तशीच शिकले. गाडी चालवायला शिकले तेव्हाच तेही शिकले.

त्या रविवारी तू म्हणालीस, "इथं थांब."

मला वाटलं तुला पाणी प्यायचंय.

"मी आत जाऊन येते," तू म्हणालीस.

"कुठं?"

"आत. बघायला."

"काय बघायचंय तिथं?"

"तेच बघायचंय, की काय आहे. पाया पडायला जात नाहीये मी. लेणी बघितली, कुंड बघितलं, हेही बघायचं. माझ्या गावातलं एवढं एकच ठिकाण मी मान फिरवून बघितलंय."

मी म्हटलं, "आता दार उघडं आहे, कोणीतरी या म्हणून हात दाखवलाय, म्हणून जायचं? मी जायची नाही. आप्पांना काय वाटेल?"

तू गोधडीवरून उतरता उतरता थांबलीस. तुझा आवाज चढला नाही, तुझा कधीच चढत नसे, म्हणून तर तुझ्याशी भांडण करणं इतकं अवघड. तू म्हणालीस, "आप्पांना आत जायचं होतं, इंदे. तेवढ्यासाठी ते तिथं बसले होते. तुझ्या लक्षात दगड राहिला आणि त्यांना जायचं होतं हे राहिलं नाही."

"नंतर त्यांचं मन बदललं."

"बदललं नाही. त्यांनी ते मारलं. मी त्यांच्याजवळ होते तेव्हा, तू लहान होतीस."

हरायला लागले की मी काय करते ते तुला माहीत आहे. मी म्हणाले, "आत गेलीस तर माझ्याबरोबर सांचीला येऊ नकोस."

तू ते ऐकून घेतलंस. चप्पल जीपमध्ये काढून ठेवलीस आणि गेलीस.

मी इंजिन चालू ठेवून बसले. बॅटरी कमजोर आहे, बंद केलं तर चालू व्हायचं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खोटं होतं ते. बॅटरी महिन्याभरापूर्वीच नवी टाकली होती. इंजिन बंद केलं असतं तर खाली उतरावं लागलं असतं, एवढंच. लोक येत होते, जात होते, एक म्हातारा वाकून पाटी वाचत होता. पंधरा मिनिटं झाली असतील. तू बाहेर आलीस, गोधडीवर बसलीस. आणि मी काय केलं? मी तुझ्या कपाळाकडे बघितलं. गंध लावलंय का ते बघायला. चोरून बघितलं, पण तुझ्यापासून काही चोरून होत नसे. तू पूर्ण वळलीस आणि कपाळ माझ्यासमोर धरलंस, मला नीट दिसावं म्हणून. कोरं होतं.

तरीही मी सॉरी म्हणाले नाही. आत काय बघितलंस, हेही विचारलं नाही. पहिला गिअर टाकला आणि निघाले.

त्यानंतर नऊ दिवस आपण बोललो नाही. आप्पांचा आईशी पंधरा दिवसांचा, माझा तुझ्याशी नऊ दिवसांचा, घराण्याचंच आहे हे. पण इंजिनाला आपल्या भांडणाशी काय करायचंय? पाचशे पुरे व्हायला हवे होते. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून यायची, तू गोधडीवर जाऊन बसायचीस, आणि आपण ओझरपर्यंत जाऊन यायचो. रस्ताभर कांद्याच्या बैलगाड्या. तू म्हणायचीस, "थांब." मग म्हणायचीस, "जा." नऊ दिवस आपल्यात एवढेच शब्द. घरी जेवताना एकही नाही. ताई, तुला सांगते, त्या नऊ दिवसांतही तू एकदासुद्धा मला चुकीचं सांगितलं नाहीस. एवढ्या रागातही नाही. मी तुझ्याजागी असते तर एकदा तरी "थांब" म्हणून उगीचच बैलगाडीच्या मागे धूळ खायला लावली असती.

दहाव्या दिवशी सकाळी तू शाळेत फळ्यावर तारीख लिहिताना खाली बसलीस आणि उठली नाहीस. ते सगळं सगळ्यांना माहीत आहे, मी ते लिहिणार नाही. तुला माहीत नाही ते लिहिते. त्या सकाळी मी ठरवलं होतं की संध्याकाळी ओझरला चहा घेऊ आणि मी आधी बोलेन. सुरुवात कशी करायची तेही ठरवलं होतं. "गोधडी जरा झटकायला झालीय," असं म्हणणार होते. यापेक्षा बरी माफी मला कधी जमली नसती, आणि तुला ती पुरली असती.

शोकसभेला समाजमंदिर भरलं होतं. तुझे जुने विद्यार्थी आले होते, त्यातल्या कितीतरी जणांच्या मिशा पिकल्या होत्या आणि ते तुझ्या फोटोसमोर हाताची घडी घालून उभे होते. सगळे चांगलं बोलले. मग मधुकर उठला. तोही चांगलंच बोलला आधी, आणि मग म्हणाला, "शेवटी शेवटी कमलताई त्या दाराच्या आत गेल्या होत्या असं ऐकतो. वाईट वाटलं. आप्पांच्या मुलीनं तरी..."

कुणीतरी बघितलं होतं तुला. आपलं गाव आहे, बघणारच.

मी उभी राहिले. माझा आवाज कापला नाही, याचा मला गर्व आहे. मी म्हटलं, "मधुकर, वाक्य पुरं करू नकोस. ती आत गेली होती, हे खरं आहे. मी बाहेर गाडीत बसले होते, म्हणून सांगते. ती पाया पडायला गेली नव्हती, बघायला गेली होती. आणि पडली असती पाया तरी ती माझी बहीण होती आणि तुमच्या निम्म्या घरांतल्या पोरांना तिनं अक्षर शिकवलंय. नाशिक तिचं आहे. सगळं. लेणी पण आणि ते दार पण. कुणी हात दाखवण्याची तिला गरज नव्हती."

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हे तर तुझं म्हणणं आहे. तुझ्या बाजूनं मी भांडले, सगळ्यांसमोर, आणि तुझ्यासमोर भांडले होते ते उलट बाजूनं. तू असतीस तर मान खाली घालून हसली असतीस. त्या दिवशी मला इतकं रडू आलं ते तू गेल्याचं नव्हतं फक्त. आपला वाद मी तुझ्यामागे हरले आणि तुला कळवायची सोय नाही, त्याचं होतं.

पण सगळा हरले असं समजू नकोस. आप्पांनी ज्या दारावरून मान फिरवली तिथं आपण मान फिरवायची, यातही काहीतरी होतं. नुसता हट्ट नव्हता तो. अपमान लक्षात ठेवणं हेही कोणीतरी करायलाच हवं घरात. तू इच्छा लक्षात ठेवलीस, मी दगड. दोघी मिळून आप्पा पुरे होत होते. आता मी एकटीनं दोन्ही कसं लक्षात ठेवायचं ते तू सांगून गेली नाहीस.

तू गेलीस तेव्हा मीटरवर चारशे चौसष्ट झाले होते. उरलेले छत्तीस मी एकटीनं केले. आधी नुसती डावीकडे वळत राहिले. डावीकडे, डावीकडे, डावीकडे, आणि परत घर. पण सातपूरला जायला उजवीकडे वळावंच लागतं. तिथं मी काय केलं सांगू? चौकात गाडी थांबवली, खाली उतरले, मागे जाऊन दोन्हीकडे बघितलं, परत चढून बसले आणि वळले. मागचा टेम्पोवाला म्हणाला, "बाई, वळायचंय का विकायचीय?" मी म्हटलं, "पाटी वाच. पुढं जा." गेला.

युसूफ मिस्त्रींनी मीटर बघितलं. तुझं त्यांना कळलं होतं. तेल बदललं, इंजिन चालू करून कान लावून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "हो गया बाजी. अब ये इंजन कहीं भी जाएगा." आणि पुढे म्हणाले की एक महिना दिलात तर स्टेअरिंग उजवीकडे घेऊन देतो. आता एकट्यानंच चालवायची तर तेच बरं.

चांगल्या मनानं म्हणाले ते. सगळे हल्ली चांगल्या मनानंच बोलतात, त्याचाच त्रास होतो. मी म्हटलं, "नको मिस्त्री. स्टेअरिंग उजवीकडे आलं तर मला तिच्या जागेवर बसावं लागेल." त्यांनी मान हलवली आणि हात पुसत दुसऱ्या गाडीकडे गेले. परत तो विषय काढला नाही. जाऊ नकोस न म्हणणारा एवढा एकच माणूस भेटला मला.

तर आता उद्याचं ऐक.

सकाळी उठून आग्रा रोडला लागायच्या आधी मी पंचवटीत जाणार. नाशिक बघायचं आपलं ठरलं होतं, आणि माझं एक ठिकाण राहिलंय. त्या दारासमोर गाडी उभी करणार आणि इंजिन बंद करणार. चप्पल काढून आत जाणार. आप्पांना घेऊन जाणार, त्यांच्या दगडासकट आणि त्यांच्या इच्छेसकट. पाया पडणार नाही, मान फिरवणार नाही. तू काय बघितलंस ते मी विचारलं नाही, तेव्हा आता माझं मलाच बघावं लागणार. पंधरा मिनिटं. मग बाहेर येणार, आणि माझं कपाळ मी कुणालाही दाखवणार नाही. मधुकर समोर उभा असला तरी नाही.

गाडी परत चालू नाही झाली तर या सोळा दिवसांत ज्यांनी ज्यांनी मला घरात बस म्हणून सांगितलं, त्या सगळ्यांना ढकलायला बोलावीन.

पाटी तशीच ठेवलीय. इंजिन आता नवं राहिलं नाही, मिस्त्री म्हणाले काढून टाका, पण अक्षर तुझं आहे. नकाशा आहे, तुझी रजा आहे, गोधडी आहे. आणि एक गोष्ट मी मागे घेते, ताई. मी म्हणाले होते, माझ्याबरोबर येऊ नकोस. ते मी मागे घेते. तू ये.

पुढे ट्रक आला तर मी त्याच्या मागे राहीन. मालेगावपर्यंत, धुळ्यापर्यंत, घाट लागला तर घाटभर. धूर खाईन, एक दिवस उशिरा पोचेन, हॉर्न मारणारे मारू देत. वीस वर्षांत तुझ्या शब्दाशिवाय मी कुणाला ओलांडलं नाही. आताही ओलांडणार नाही.